"मॅडम, ह्याने काय खाल्लं बघा ना!"

लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला कळलं की मी जनावरांची डॉक्टर आहे, की तो आधी स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं सांगून घेतो. ते संपलं की विचारतो, "कुत्री काय काय खाऊन येतात हो तुमच्याकडे?" आणि माझ्या पानातला भात गार होतो! हे किस्से मी काही मुद्दाम गोळा केलेले नाहीत. कुत्री खातात, माणसं धावत येतात, खाल्लेलं मी काढते, ते कचऱ्यात जातं. किस्सा तेवढा मागे राहतो. आता तर इतके झालेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच तोंड घालतो.

माझा दवाखाना भिवंडीत, मानकोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाला लागून. स्टाफ म्हणजे मी आणि भोईरमामा. मामा कंपाउंडर. बिथरलेलं कुत्रं कसं धरायचं हे त्यांना कळतं आणि बिथरलेला मालक कसा बसवायचा हेही. कोणी कुत्रं उचलून दारात आलं की मामांचा एकच प्रश्न असतो, "काय खाल्लान?"

*

मानकोलीच्या एका गोडाउनवर एक तांबडा गावठी कुत्रा होता. वॉचमन लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं मॅनेजर. कारण विचारलं तर म्हणाले, "दिवसातून एक राउंड मारतो, सगळ्यांवर भुंकतो आणि एसीच्या दारात झोपतो."

मॅनेजरला पुठ्ठा आवडायचा, चिकटपट्टी आवडायची, लोडरच्या चपला तर फारच आवडायच्या. एकदा त्याने फुटलेल्या खोक्यातल्या चेहरा उजळायच्या क्रीमच्या ट्यूबा फस्त केल्या. मला वॉचमनचा फोन. कुत्र्याचं नाव तेव्हा मला ठाऊक नव्हतं. "मॅडम, मॅनेजर साहब को उलटी हो रही है. मुँह से झाग आ रहा है!"

मी म्हटलं, "अहो, मग माणसांच्या हॉस्पिटलात न्या!"

"मॅडम, कुत्ता है."

"असं बोलू नये," मी म्हणाले. मला वाटलं, बिचारा साहेबावर जाम चिडलेला आहे!

शेवटी गैरसमज मिटला. टेम्पोतून कुत्रा आला, सलाईन लागलं, संध्याकाळपर्यंत तो उठून बसला. पण वॉचमनने दरम्यान कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रीतसर कळवलं होतं, "मॅनेजर ने माल खा लिया है. मुँह पे सबूत लगा है." तो ग्रुप हेड ऑफिसचेही लोक वाचत असत.

दुसऱ्या दिवशी गोडाउनचे खरे मॅनेजर दवाखान्यात आले. हेड ऑफिसने फोनवर त्यांची पुरती हजेरी घेतली होती, आणि कशाबद्दल ते अर्धा वेळ त्यांना कळलंच नव्हतं. कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टर, आजच्या आज नाव बदला!"

भोईरमामांनी विचारलं, "कोनाचं?"

*

भिवंडीत राहून सुताचा किस्सा नाही असं कसं होईल?

नरसय्याशेठ म्हणजे जुने लूमवाले. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे साधं "नमस्कार"सुद्धा ओरडून म्हणतात. त्यांची पांढरी पामेरियन डॉली त्यांच्यासोबत कारखान्यात जायची. एक दिवस शेठ डॉलीला छातीशी धरून आले आणि तिच्या मागून हिरवा धागा लोंबत होता.

"मॅडम, मी केव्हाचा ओढतोय, संपतच नाही!"

"ओढू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टायरवाल्याच्या हातातला पाना खाली पडला.

असा धागा गिळला की त्याचं एक टोक पोटात अडकून बसतं. दुसरं टोक ओढलं की आतडं नाडी ओढलेल्या पायजम्यासारखं गोळा होतं आणि धागा ते आतून कापत जातो. मी हे सांगितलं तसा शेठनी धाग्यावरचा हात काढला. "धागा दिसला की हात आपोआप जातो हो," म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा हळू ऐकला.

ऑपरेशन लांबलं. आतडं दोन ठिकाणी लालबुंद झालेलं, पण फाटलेलं नव्हतं. थोडं अजून ओढलं असतं तर डॉली गेलीच होती. बाहेर शेठ चहा नाही, पाणी नाही, भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. मी बाहेर येऊन म्हटलं, "वाचली." शेठ रडले. चांगले हमसून रडले. मामांनी त्यांना पाणी दिलं. तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि मग त्यांनी विचारलं,

"धागा सगळा निघाला ना?"

"सगळा निघाला."

"मग धुऊन द्या. पॉलिएस्टर आहे, खराब नाही होत."

*

रोहन नावाचा मुलगा आपला पग कुत्रा घेऊन धापा टाकत आला. पगचं नाव बिट्टू. बिट्टूने रोहनचा इअरबड गिळला होता. बिनवायरचा, कानात खोचायचा तो.

"नक्की यानेच गिळला?" मी विचारलं.

रोहनने मोबाईल समोर धरला. "कनेक्टेड दाखवतंय, मॅडम!"

त्याने शोधायचं बटण दाबलं. बिट्टूच्या पोटातून बारीक "टिंग टिंग" आलं. वेटिंगमधल्या बाईंच्या मांडीवरचं मांजर फिस्कारलं. बिट्टूने मान वळवून स्वतःच्या मागच्या भागाकडे संशयाने पाहिलं.

हसू येत होतं, पण आत बॅटरी होती. ती फुटली तर पोट जाळते. मी उलटीचं इंजेक्शन दिलं. आधी सकाळची बिस्किटं आली, मग मोज्याचा तुकडा, मग तो पांढरा इअरबड, अख्खा. माझा जीव भांड्यात पडला. मी हातमोजे काढायला वळले, तेवढ्यात रोहनने तो उचलला, टी-शर्टला पुसला आणि कानात घातला!

"आवाज येतोय, मॅडम!"

तेव्हापासून कोणाच्याही कानात ते यंत्र दिसलं की मी जरा लांबूनच बोलते.

*

खारबावचे काशिनाथकाका. त्यांच्या घरामागे ताडाची झाडं आहेत, आणि पाहुणे येणार म्हणून त्यांनी ताडीचा एक कॅन भरून ओट्यावर ठेवला होता. झाकण सैल होतं. वाघ्या नावाचा त्यांचा काळा कुत्रा मोकळाच होता.

काकांनी वाघ्याला रिक्षातून आणलं. मान लुळी, डोळे वर, तोंडातून लाळ, अंग गार पडलेलं. मला वाटलं, उंदराचं औषध खाल्लं. "काय खाल्लान?" मामांनी विचारलं. काका नुसते रिक्षावाल्याकडे बघत राहिले. मग मामांनी वाघ्याच्या तोंडाशी वाकून वास घेतला, सरळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, ह्याला चकना पायजे."

गंमत बाजूला. कुत्र्याला दारू फार वाईट, श्वास बंद पडू शकतो. सलाईन लावलं, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या, गोणपाटात गुंडाळलं. काका त्याच्या डोक्यावर हात ठेवून स्टुलावर बसले. दुपार झाली, जेवायला उठले नाहीत. मधे मधे म्हणत, "ऊठ रे वाघ्या. ऊठ ना. मी न्हाय बोलनार तुला काय."

ऊन उतरल्यावर वाघ्याने एक डोळा उघडला, तोंड वर केलं आणि असा काही लांब सूर लावला की रस्त्यावरचे लोक डोकावून गेले. काका खुदकन हसले. वाघ्याची सलाईनची सुई काढताना मी त्यांना हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, तुम्हीपण घेतली होतीत का?"

"न्हाय गो बाय!" काका म्हणाले. "दोघांतल्या एकाला तरी रस्ता दिसायला पायजे ना!"

*

पडघ्याजवळच्या एका पाटलांच्या घरी धाकट्या मुलाची हळद होती. डीजे लागलेला, सगळं घर पिवळं झालेलं आणि नवऱ्यामुलाची साखरपुड्याची अंगठी गायब! अंगठी हळदीच्या ताटात काढून ठेवली होती म्हणे, आणि घरचा लॅब्राडोर ब्रूनो तेच ताट चाटताना सापडला. डीजे बंद करून सगळी वरात टेम्पोत बसून माझ्याकडे. नवरामुलगा पिवळा, आई पिवळी, करवल्या पिवळ्या, ब्रूनो नाकापासून शेपटीपर्यंत पिवळा. मामा म्हणाले, "ह्यातला नवरा कुठला?"

एक्स-रे काढला. फिल्म दिव्यावर लावली. अंगठी नव्हती. होती एक चावी! पोटाच्या तळाशी आडवी पडलेली, दात न् दात दिसत होता. जड वस्तू अशी कधी कधी महिनोन् महिने तळाशी बसून राहते.

सगळे अंगठी शोधत होते. मागे उभी असलेली थोरली सून, सुरेखा तिचं नाव, ती मात्र पुढे आली. फिल्मजवळ गेली. बोट लावलं.

"आई, ही तुमच्या कपाटाची चावी."

मला नंतर कळलं. मागच्या गणपतीपासून त्या चावीवरून सुरेखाला येता-जाता बोलणी बसत होती. माहेरी नेऊन दिलीस, भावाला दिलीस, असं पार शेजारीपाजारी झालं होतं. कपाटाचं कुलूप तोडावं लागलं, तेही तिच्या नावावर. एकदा ती बॅग भरून निघालीही होती.

सासूबाईंनी फिल्म या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. "आपली न्हाय वाटत," म्हणाल्या.

"एक दात मोडलाय, बघा," सुरेखा म्हणाली. "तो तुम्हीच मोडलेलात."

एवढ्यात नवऱ्यामुलाने मोबाईल काढायला खिशात हात घातला आणि त्याचा चेहरा बदलला. अंगठी खिशात होती! सगळे हसायला लागले, टेम्पोवाल्याने हॉर्न मारला, ब्रूनोने लाडात येऊन मला हळद फासली. जाताना सुरेखा मागे राहिली.

"मॅडम, हा फोटो मला मिळेल?"

"घे की. पण कशाला?"

तिने फक्त ओठ दाबून हसून फिल्म गुंडाळली. चावी लग्नानंतर आम्ही काढली. ब्रूनोचे टाके बघायला मी त्यांच्या घरी गेले, तर ती फिल्म हॉलच्या खिडकीला चांगली चौकट करून लावलेली! मागून ऊन, मधे चावी लख्ख. खाली सोफ्यावर सासूबाई पाहुण्यांना चहा देत होत्या. पाहुण्यांनी विचारलं, "हे काय हो?"

सासूबाई म्हणाल्या, "काय न्हाय. ब्रूनोचा फोटो हाय. लहानपणीचा."

*

आता राणीचा. राणी आजही त्याच घरात शेपटी हलवत राहते, हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव उगाच टांगणीला नको.

मानकोलीच्या आतल्या एका गावातली बारकीआजी. नवरा गेला, शेतात गोडाउन झालं. घरी मुलगा रमेश, सून आणि आजीची गावठी कुत्री राणी. आजीला ऐकू येईनासं झालं म्हणून रमेशने कानाचं मशीन आणलं, भारीतलं. आठवड्याभरात राणीने चावून त्याचा चुरा केला. तो चुरा रमेशने मला पिशवीत आणून दाखवला होता, दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. दुसरं आणलं. तेही राणीने खाल्लं, असं घरात ठरलं. तिसरं आणलं आणि तेही सकाळी उशाशी नव्हतं.

रमेश राणीला दोरीने ओढतच आत आला. मागून आजी, एक हात राणीच्या पाठीवर ठेवून.

"मॅडम, एक्स-रे काढा. मशीन पोटात दिसलं, की हिला आजच्या आज नाशिक हायवेला सोडून येतो. बास झालं!"

मी आजीला मोठ्याने विचारलं, "आजी, रात्री मशीन कुठे ठेवलं होतं?" आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी आणखी ओरडले. मामा त्यांच्या परीने ओरडले. टायरवाला उठून दारात आला, पण आजीला काही ऐकू गेलं नाही.

"बघितलंत?" रमेश म्हणाला. "घरात दिवसभर हे असंच. आम्ही दोघं भांडलो, जमिनीचं बोललो, हिला कशाचा पत्ता नसतो. देवासारखी बसून असते."

बाहेर कोणाच्या तरी ट्रकला त्याची गाडी आडवी येत होती. हॉर्नवर हॉर्न वाजायला लागले, म्हणून तो शिव्या घालत गाडी हलवायला गेला.

मामांनी राणीला टेबलावर झोपवलं. आजी शेजारी स्टुलावर बसली, पदर कानांवर ओढून, भिंतीकडे तोंड करून, राणीचा कान कुरवाळत. मी फिल्म काढली, दिव्यावर धरली. पोट स्वच्छ. हाडाचा एक तुकडा, बाकी काही नाही.

आजीकडे माझी पाठ होती. मी मामांच्या कानाशी अगदी पुटपुटले, "हिच्या पोटात काहीच नाही. मग मशीन गेलं कुठे?"

मागून आजीचा आवाज आला, "हळू बोल गो बाय. त्यो आला."