पाऱ्याची खोली

माझे वडील रक्तदाब मोजायची यंत्रं दुरुस्त करायचे. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबायचा आणि काचेच्या नळीत पारा कुठवर चढतो ते बघायचं, अशी ती जुनी यंत्रं. गावातल्या बहुतेक डॉक्टरांची यंत्रं कधी ना कधी आमच्या पुढच्या खोलीत येऊन गेलेली होती. नळी तडकलेली, झडप गळकी, पारा मळून काळा पडलेला, काहीही असो, बाबांच्या हाताखालून गेलं की यंत्र पुन्हा खरं बोलायला लागायचं. काम झालं की ते झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायचे. तारीख, काय बदललं आणि सही. अक्षर छापल्यासारखं.

डॉक्टर स्वतः यंत्र घेऊन यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे. बाबांना त्याचा केवढा तोरा! "आजारी माणसं डॉक्टरकडे जातात आणि डॉक्टर माझ्याकडे येतात," हा त्यांचा ठरलेला विनोद होता, आणि प्रत्येक डॉक्टर तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

पारा गाळायचं काम आईकडे होतं. मऊ कातड्याच्या तुकड्यात मळका पारा घ्यायचा, पुरचुंडी बांधायची आणि हळूहळू पिळायची. घाण आत राहायची आणि वाडग्यात चकचकीत थेंब टपटपायचे. जमिनीवर सांडलेला पाराही तीच गोळा करायची, पुठ्ठ्याच्या तुकड्याने ढकलत ढकलत. जमीन लाकडी फळ्यांची होती आणि फळ्यांमध्ये फटी होत्या. फटीत गेला तो गेला. धुळीने पारा मळतो म्हणून खिडकी कायम बंद. थंडीच्या दिवसांत टेबलाखाली हीटर लावलेला असायचा आणि आई त्याच्या उबेला जमिनीवर बसून काम करायची. बाबा अर्धा दिवस बाहेर, दवाखान्यांतून यंत्रं आणायला आणि पोचवायला. मी शाळेत. त्या खोलीत दिवसभर असायची ती एकटी आई.

मी दहा वर्षांची असेन, तेव्हा ती बदलायला लागली. आधी तिला कशाचाही राग यायला लागला. एकच प्रश्न दोनदा विचारला म्हणून तिने मला कंगवा फेकून मारला होता, आणि मग तो उचलायला खाली वाकली ती तिथेच बसून रडत राहिली. मग तिचे हात थरथरायला लागले. नुसती बसली असली की काही नाही, पण कप उचलायला गेली, आणि त्यात कोणी बघत असलं, की चहा बशीत. एकदा एक डॉक्टर स्टुलावरून म्हणाले, "काय वहिनी, आज चहा बशीतूनच द्यायचा बेत आहे का?" सगळे हसले. त्या दिवसापासून आई लोकांसमोर आली नाही. घंटी वाजली की स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची, अंग चोरून. दारातून बोलणारी, शेजाऱ्यांना हाका मारणारी माझी आई!

"बाईसाहेबांचा पारा चढलाय आज," बाबा मला डोळा मारून म्हणायचे. मीही हसायचे.

हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणायची. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा काढल्या. बाबांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी आधी झोपेच्या गोळ्या दिल्या, मग डोकं शांत ठेवायच्या. वय, मनावरचा ताण, बायकांचं असंच असतं, हे सगळं सांगून झालं. आमच्या उंबऱ्यात इतके डॉक्टर येऊन गेले, पण तिची नाडी कोणी स्टुलावरून उठून बघितली असेल असं मला आठवत नाही.

मग एके दिवशी आई म्हणाली, "ही खोली मला बाधते."

"खोली बाधते?" बाबा म्हणाले. "मग मला कशी नाही बाधत? मी काय दगडाचा आहे?"

त्यांनी ही गंमत त्या आठवड्यात आलेल्या डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर म्हणाले, "अहो, या वयात बायकांना नवराच बाधतो. खोलीचं निमित्त." आई दाराआडून ऐकत होती. मी तिच्या शेजारी उभी होते, म्हणून मला माहीत आहे.

शेवटी मावशी येऊन तिला घेऊन गेली. मावशी आईची थोरली बहीण, दुसऱ्या गावी राहायची, तोंडाने फटकळ. तीन-चार महिन्यांत आईचं पत्र आलं, अक्षर सरळ. ती बरी झाली होती. परत आली, दोन महिने बरी राहिली, आणि पुन्हा सगळं सुरू. पुन्हा मावशीकडे, पुन्हा ठणठणीत. पुन्हा घरी, पुन्हा तेच.

आता मला दिसतं, की याहून स्पष्ट कोणी काय सांगायला हवं होतं? पण प्रत्येकाने आपापला अर्थ काढला. मावशीची खात्री पटली की बाबा आईला छळतात. गल्लीने ठरवलं की मारहाण होत असणार. आणि बाबांनी ठरवलं की बायको नाटक करते.

तिसऱ्यांदा ती कायमचीच निघाली. दारात पिशवी ठेवली आणि मला विचारलं, "चिमे, येतेस?" मी तेरा वर्षांची होते. मी म्हटलं, "माझी शाळा आहे." शाळा तिकडेही होती. खरं तर मला तिची भीती वाटायची. तिने एक मिनिट वाट बघितली आणि पिशवी उचलली.

सुट्टीत मी मावशीकडे जायचे. तिथे आई हळू बोलायची, माझे केस विंचरायची, मावशीच्या नातवंडांशी खेळायची. मला त्याचाच जास्त राग यायचा. यांच्याशी गोड आणि आमच्यावर आरडाओरडा! म्हणजे बाबाच खरं बोलतात, असं मनात म्हणून मी परत यायचे. आईनेही पुढे खोलीचा विषय माझ्याकडे काढला नाही. मी बत्तीस वर्षांची असताना ती न्यूमोनियाने गेली. अंत्यसंस्काराला बाबा आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले. त्यांच्याशी कोणी बोललं नाही. मीही फारशी नाही.

आई गेल्यावर, म्हणजे घर सोडून गेल्यावर, पारा गाळायचं काम बाबांकडे आलं होतं. झोपायलाही ते पुढच्याच खोलीत लागले, टेबलाशेजारच्या खाटेवर. पुढे बॅटरीवरची यंत्रं आली, पाऱ्याची यंत्रं मोडीत निघाली, डॉक्टर यायचे बंद झाले. तरी बाबा दिवसभर तिथेच, जुन्या नळ्या पुसत, बाटल्यांतला पारा पुन्हा पुन्हा गाळत.

सत्तरी ओलांडली आणि त्यांचे हात हलायला लागले. माणसं नकोशी झाली. फोन केला की दोन वाक्यांत वैतागायचे, दार वाजलं की आत निघून जायचे. मला ते बघून आई आठवायला हवी होती. मी म्हटलं, म्हातारपण. त्यांच्या जुन्या ओळखीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि वर्षभर गोळ्या दिल्या. फरक शून्य. दुसऱ्यांनी विसरभोळेपणाचा आजार सांगितला. "या वयात अजून काय होणार?" असं म्हणून पाठीवर हात फिरवला.

मग ते न्हाणीघरात पडले आणि इस्पितळात नुकत्याच सुरू झालेल्या म्हाताऱ्यांच्या विभागात दाखल झाले. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची. ती खाटेशेजारी खुर्ची ओढून बसली आणि तासभर उठली नाही. बाबांचा हात मांडीवर होता तोवर स्थिर होता. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला, तसा तो थरथरायला लागला. ती मुद्दाम खिडकीकडे बघत राहिली, तर थरथर जरा कमी झाली.

"काका, कंपवातात बहुतेकदा उलटं असतं," ती म्हणाली. "हात निवांत असताना हलतो. तोंड उघडा बरं. हिरड्या कधीपासून अशा आहेत?" आणि मग, "काम काय करायचात?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता, कारण आजवरच्या सगळ्या डॉक्टरांना उत्तर माहीत होतं.

बाबांनी सांगितलं, झाकणातल्या चिठ्ठ्यांसकट. तिने पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने इस्पितळाच्या अडगळीतून बाबांनी दुरुस्त केलेली, आता मोडीत काढलेली यंत्रं मागवली आणि त्यांची झाकणं उघडून एका ओळीत मांडली. अकरा चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे. पहिल्या सहा छापल्यासारख्या. सातवीत सहीचं शेपूट जरा हललेलं. शेवटच्या दोन मला वाचताच येईनात. आई घर सोडून गेल्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे बाबा जेमतेम पन्नाशीचे असताना, अक्षर बिघडायला सुरुवात झाली होती. तो आजार म्हातारपणाचा नव्हताच.

चोवीस तासांची लघवी तपासली. माणसाच्या शरीरात चालावा त्याच्या कितीतरी पट पारा निघाला. दोन माणसं हवेतला पारा मोजायचं यंत्र घेऊन घरी गेली आणि पुढच्या खोलीत पाच मिनिटं थांबून बाहेर आली. फळ्या उचकटल्या तेव्हा खाली मण्यांसारखे थेंब घरंगळत होते, तीस-पस्तीस वर्षांचे. माझीही तपासणी केली. मी ठीक होते.

डॉक्टरने बाबांना समजावून सांगितलं. पारा सांडला की नुसता पडून राहत नाही, त्याची वाफ होते, उबेने जास्त. तिला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत ती श्वासातून आत जाते आणि मेंदूवर बसते.

"आधी माणूस चिडका होतो," ती म्हणाली. "मग हात थरथरतात, तेही कोणी बघत असलं की जास्त. मग माणूस लाजाळू होतो, लोकांसमोर यायला घाबरतो. हिरड्यांतून रक्त, तोंडाला धातूची चव. पाऱ्यापासून लांब गेला की काही महिन्यांत बरा वाटायला लागतो आणि परत तिथे गेला की—"

"थांबा," बाबा म्हणाले. "तुम्ही हे कोणाबद्दल बोलताय?"

"तुमच्याबद्दल, काका."

"नाही," ते म्हणाले. "हे माझं नाही." आणि माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघत होते.

औषधं सुरू झाली. बाबा माझ्या घरी राहायला आले. थोडं चालता येऊ लागताच त्यांनी एकच धोशा लावला, मला तुझ्या मावशीकडे ने. मी नको म्हटलं, मग नेलं.

मावशी आता ऐंशीच्या पुढची. तिने बसा म्हटलं नाही, आम्हीच बसलो. बाबांनी वाटेत जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं. "तिला विषबाधा झाली होती. माझ्या खोलीतल्या पाऱ्याची. मी तिला कधी हात लावला नाही, ताई. मला माहीत नव्हतं."

"तिला माहीत होतं," मावशी म्हणाली.

मग तीच पुढे सांगू लागली. "मी तिला खोदून खोदून विचारायचे. मारतो का गं? दारू पितो का? सांग, लाजू नकोस. ती म्हणायची, नाही गं ताई, तो चांगला आहे, ती खोली वाईट आहे. दरवेळी हेच. मला वाटायचं, नवऱ्याची अब्रू झाकते आहे. इथे कोणाला ताप आला आणि थर्मामीटर काढलं की ती उठून बाहेर जायची. आम्हीही हसायचो."

बाबांनी पाणी मागितलं. मावशीने तांब्या-भांडं त्यांच्यासमोर ठेवलं आणि बघत राहिली. भांडं तोंडापर्यंत जाईतो अर्धं पाणी शर्टावर सांडलं. मी हात पुढे केला तर तिने मला डोळ्यांनी थांबवलं. "पिऊ दे त्याला," ती म्हणाली. "ती अशीच प्यायची."

परतीच्या वाटेत बाबा एकदाच बोलले. "वीस वर्षं तिने मला चांगला म्हटलं. आणि मी जगाला सांगत फिरलो की ती ढोंगी आहे."

मी त्यांचं सांत्वन करायला हवं होतं. माझ्याकडे शब्द नव्हते असं नाही. मी ते दिले नाहीत.

वर्षभरात बाबा पुष्कळ सुधारले. शर्टाची बटणं स्वतः लावतात, दार वाजलं तर उघडतात. डोकंही साफ झालं. त्यामुळे आठवायला लागलं. कोणत्या दिवशी ती काय म्हणाली, आपण काय म्हणालो, हे जेवताना मध्येच सांगतात. काही दिवस मी त्यांच्याशी नीट वागते. काही दिवस मला त्यांच्याबरोबर एका टेबलावर बसवत नाही, आणि मग स्वतःबरोबरही.

डॉक्टरने हा आजार तिच्या व्यवसायातल्या लोकांसाठी लिहून काढायचं ठरवलं. म्हाताऱ्या माणसांना आधी त्यांचं काम विचारा, हे सांगायला. बाबा म्हणाले, "त्यात तिचं लिहा. पहिली रुग्ण ती."

"लिहिते काका. पण त्यांची तपासणी कधी झालीच नाही ना. मला जपून लिहावं लागेल."

लेख छापून आला. बाबांवर तीन पानं होती, चिठ्ठ्यांचे फोटो होते. मी मावशीला फोन केला आणि आईवरचा मजकूर वाचून दाखवला: "रुग्णाच्या पत्नीस पूर्वी अशाच स्वरूपाचा त्रास झाला असावा, असे नातेवाईक सांगतात."

"पुढे?" मावशीने विचारलं.

"एवढंच आहे."

"कोण नातेवाईक?"

"मी," मी म्हटलं. तिकडे कोणीतरी तिला औषधाची वेळ झाली म्हणून हाक मारली आणि तिने फोन ठेवला.