तांबेसरांचे शंभर सिटअप्स

घाटकोपरच्या एका शाळेत देवदत्त तांबेसरांनी एकतीस वर्षं पीटी शिकवली, म्हणजे शिट्टी वाजवली. पोट मजबूत तर माणूस मजबूत, एवढं एकच शास्त्र त्यांना अवगत होतं आणि ते पुरेसं आहे अशी त्यांची खात्री होती. तापलेल्या मैदानावर मुलांना आडवं पाडायचं, पाय सरळ, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, हात मानेमागे आणि व्हा सुरू. कोणी "सर, कंबर दुखते" म्हणालं की सर प्रेमाने समजावत, "दुखते म्हणजे व्यायाम होतोय!" आणि वर दहा वाढवून देत.

निवृत्तीनंतर ते मुलुंडला राहायला आले. सोसायटीच्या बागेत चालायला येणाऱ्यांची पोटं पाहून त्यांचा जीव तुटायचा. शिष्य मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःलाच शिष्य केलं. एकसष्टाव्या वाढदिवशी बागेत शंभर सिटअप्स घालून दाखवणार, असं त्यांनी आठवडाभर आधी जाहीर केलं.

"अहो, चप्पल घालताना भिंत धरावी लागते तुम्हाला," त्यांच्या पत्नी वनमालाबाई म्हणाल्या.

चप्पल हा क्रीडाप्रकार नसल्याने सरांनी दुर्लक्ष केलं.

त्या सकाळी बाकाखाली पाय अडकवून सर आडवे झाले. पंधरावीस जण मोजायला उभे. चाळीसपर्यंत सगळं झकास. त्रेचाळिसाव्याला सर अर्धे वर आले आणि तिथेच थांबले. काहीतरी अवघड आसन असेल असं वाटून दोघांनी टाळ्याही वाजवल्या. सरांच्या तोंडून एवढंच फुटलं, "धरा रे!" मग वॉचमनने आपली प्लास्टिकची खुर्ची आणली आणि उत्सवमूर्ती तिच्यावरून, वाकलेल्या अवस्थेत, लिफ्टने घरी रवाना झाली.

हाडं शाबूत निघाली. डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथे पांढऱ्या कोटातली मुलगी त्यांच्याकडे बघून हसली.

"सर, मी श्वेता. आठवी ब. सिटअप्स जमायचे नाहीत म्हणून तुम्ही मला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायचात."

"फायदा झाला ना?" सर म्हणाले. सवय कुठे जाते!

"झाला ना. आता झोपा इथे. गुडघे वाकवून."

"वाकवून? हे काय म्हाताऱ्यांचं!"

"पोट हळूच आत घ्या, श्वास रोखू नका, आणि एक पाऊल जरासं उचला. कंबर हलता कामा नये. दहा आकडे."

सहाव्या आकड्याला सरांचं पोट थरथरायला लागलं आणि कंबरेने गादी सोडली.

"वरचे स्नायू दगड आहेत तुमचे," श्वेता म्हणाली. "पण पाठीला धरून ठेवणारे आतले झोपलेत. पाय सरळ ठेवून झटक्याने उठलं की सगळा भार कंबरेवर येतो, सर."

एकतीस वर्षांच्या शास्त्राची एवढ्या तीन वाक्यांत वाट लागली. सर पुढचे आठ दिवस बागेत फिरकले नाहीत. व्यायाम मात्र दार लावून करत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात, गादीवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "श्वेता, तेव्हा मुलं म्हणायची ना कंबर दुखते म्हणून... खरंच दुखत असेल का गं?"

"हो सर. मी तर रोज म्हणायचे."

"चुकलं माझं," सर वरच्या पंख्याला म्हणाले. माणसाकडे बघून असं बोलणं त्यांच्या अभ्यासक्रमात कधी नव्हतंच.

"श्वास सोडा, सर," श्वेता हळूच म्हणाली. "रोखून धरलाय तुम्ही."

दोन महिन्यांत दुखणं ओसरलं. आता रोज सकाळी हॉलमध्ये चटईवर सर आणि वनमालाबाई शेजारी शेजारी गुडघे वाकवून झोपतात. आकडे वनमालाबाई मोजतात, आणि मुद्दाम सावकाश मोजतात असा सरांचा संशय आहे. मध्यंतरी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांनी लांबलचक मेसेज टाकला, की मी शिकवलेले सिटअप्स कृपया कोणी करू नयेत.

पहिलं उत्तर मिनिटभरात आलं, "सर, शाळा सुटली त्याच दिवशी सोडले." त्याखाली बावीस अंगठे होते.