आधी पाय धुवायचे

बाबांची आंबिवलीची कंपनी बंद पडली आणि आई डोंबिवलीत धुणीभांडी करायला लागली. एकदा तिच्या तळपायात काच घुसली, ती तिला कळलीच नाही. अंगात साखर आहे, हेही तोवर माहीत नव्हतं. शेवटी अंगठा काढावा लागला. मी मात्र शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. आज ठाण्यात आरोग्य संशोधनात कोऑर्डिनेटर आहे.

आमचा अभ्यास पायांचाच होता. साखरेमुळे पाय सुन्न होतात. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून ‘कळतं का?’ विचारायचं, एवढीच तपासणी. वेळेत कळलं तर पाय वाचतो. गाव निवडलं कोलशेतजवळचं, खाडीकाठचं. तिथल्या बायका अनवाणी चिखलात उतरतात.

कॅम्पला बायका आल्या, रक्त दिलं. पायाची वेळ आली की पाय लुगड्याखाली.

“डॉक्टरीणबायनी माझ्या पायाला हात लावायचा? नको गो, पाप लागंल!”

आमच्या अभ्यासाचे प्रमुख, सर, म्हणाले, “साइट बंद करू. दुसरं गाव बघ.”

“सर, आधी बोर्डाला विचारू.”

“बोर्ड म्हणजे चहा-बिस्किटं गं.”

बोर्ड म्हणजे कम्युनिटी ॲडव्हायझरी बोर्ड. ज्यांच्यावर संशोधन करायचं, त्यांच्यातलीच माणसं त्यावर असतात. काय चालेल, काय नाही, ते त्यांनी सांगायचं. मी हट्टाने मीटिंग लावली. सरही आले.

मासळी विकणाऱ्या हिराकाकी बोर्डावर होत्या. त्या म्हणाल्या, “सवाशीण जेवायला आली की तिचे पाय धुतोच ना आपण? तुमच्या नर्सनी आधी पाय धुवावे. तो मान झाला. मग काय बघायचं ते बघा.”

सगळ्यांनी माना हलवल्या. कोपऱ्यातून जनाकाकी बोलल्या. त्याही बोर्डावरच्याच.

“नि माझे कोण धुणार? मला नवरा नाय.”

“अगं जने, पण रीत...”

“साखर काय कुंकू बघून येते?”

हिराकाकींनी जनाकाकींकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. “लिही गो पोरी. सगळ्या बायांचे धुवायचे. नि पहिले जनीचे.”

बाहेर आल्यावर सर म्हणाले, “प्रोटोकॉलमध्ये पाय धुणं कुठंय?”

“घालू या की.”

“एथिक्स कमिटी हसेल.”

“हसू देत, सर.”

संशोधनाला मंजुरी देणारी ती कमिटी हसली नाही. एकच अट घातली: पाणी कोमट हवं, नर्सने हात घालून बघितलेलं. सुन्न पायाला चटका कळत नाही.

पुढच्या कॅम्पला घमेल्यात पहिले पाय जनाकाकींचे. “गुदगुल्या नको करू गो!” म्हणून ओरडल्या. बायका हसायला लागल्या. डाव्या टाचेला दोरा टेकवला तेव्हा मात्र त्या नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या. त्यांना काही कळलंच नव्हतं. टाचेच्या भेगेत जखम होती, आत चिघळलेली. त्याच दिवशी उपचार सुरू झाले.

संशोधन अडलं की लोकांना दोष देण्याआधी त्यांना विचारावं. विचारणं स्वस्त पडतं.

जनाकाकींचा पाय वाचला. साइट बंद झाली नाही. आता प्रत्येक गावात आमच्या तपासणीची पहिली पायरी पाय धुण्याची असते, आणि ती खाडीकाठच्या त्या बायकांनी ठरवलेली आहे.