पेट्रोलमध्ये धुतलेला फिल्टर

जपूनकाकांच्या दुकानावर पाटी होती, पण तिच्यावर त्यांचं नाव नव्हतं. वर 'मोटारसायकल दुरुस्ती' आणि खाली, गिऱ्हाइकाने विचारलेलं नसताना, 'गाडी जपून चालवा'. चावी परत देताना ते 'जपून' म्हणायचे, कुणाच्या हातात पाना ठेवताना 'जपून' म्हणायचे, काकूंनी चहाचा कप पुढे केला तरी तेच. लोकांनी मग तेच नाव ठेवून टाकलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांनी दुधाच्या वाटेला न जाताच जन्मभर ताक फुंकलं.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या पळत्या केल्या, पण स्वतःच्या गाडीचा काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. आणि अशा माणसाची मुलगी डोंगरातल्या मातीच्या वाटांवर मोटारसायकल उडवायची, शर्यतीत भाग घ्यायची.

"ही गेलीय तरी कुणावर?" काका विचारायचे.

"तुमच्यावर नाही, एवढं लिहून देते," काकू म्हणायच्या.

मुलगी थांबत नाही म्हटल्यावर काकांनी आपली सगळी भीती एका जागी आणून ठेवली, तिच्या गाडीच्या सीटखाली, एअर फिल्टरवर. इंजिनालाही श्वास लागतो, आणि मातीच्या वाटेवर हवेपेक्षा धूळच जास्त. फिल्टरने ती अडवली नाही, तर इंजिन आतून घासत जातं. ते एक वेळ चालेल. पण वाळूचे चार कण कार्बोरेटरमध्ये अडकले, तर अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली तरी रेस उतरत नाही. गाडी पळतच सुटते. सपाट रस्त्यावर माणूस बटण दाबून इंजिन बंद करील. पण कड्याशेजारच्या वळणावर बटण शोधायला वेळ कुणाला?

कंपनीचा जुना फिल्टर मिळेनासा झाला, तेव्हा बाहेरच्या कंपनीचा निवडायला काकांना दीड महिना लागला. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने तीन तऱ्हा दाखवल्या. कागदी फिल्टर काकांनी हातातही घेतला नाही, बारीक धुळीत तो लगेच गुदमरतो. दुसरा उजेडाकडे धरला, तर त्यातून दुकानदाराच्या मिशा दिसल्या. तिसरा दोन थरांच्या फोमचा होता, बाहेर मोठ्या भोकांचा, आत बारीक. तो त्यांनी ताणला, दाबला, हुंगला.

"काका, फिल्टर बघताय की मुलीला स्थळ?" दुकानदार म्हणाला.

"स्थळ चुकलं तर माहेरी परत येता येतं," काका म्हणाले आणि तसले तीन घेतले. एकावर विसंबायचं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. फिल्टर धुवायचा, पिळायचा नाही, तळहातात दाबायचा. सावलीत वाळवायचा. मग चिकट तेल चोळायचं, सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत. कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं, म्हणजे फटीतून धूळ जात नाही. आणि दर वेळी जुना फिल्टर काढला की मागच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरी चिंधी फिरवायची. चिंधी पांढरीच निघाली की काका ती तारीख घालून खणात ठेवायचे. खण भरला होता. "लोकांच्या घरी साड्यांनी कपाटं भरतात," काकू म्हणायच्या, "आमच्याकडे चिंध्यांनी."

शर्यतीच्या दिवशी मुलगी पहाटेच गाडी टेम्पोत चढवून निघून गेली. काका कधीच बघायला जात नसत, त्यांच्या छातीला ते झेपायचं नाही. नवा फिल्टर गाडीत बसवून त्यावर दोन सराव झाले होते. परवाच काकांनी तो आणि, खबरदारी म्हणून, जोडीला दुसरा कोराही, असे दोन्ही एकाच घमेल्यात धुतले होते. एक गाडीत परत बसला, एक खिळ्याला टांगला. तिसरा अजून पिशवीत बंद होता.

सव्वानऊला दुकानात चहा घेताना टेबल डुगडुगलं. चहा सांडला. टेबलाच्या पायाखालची कागदाची घडी सरकली होती. काकांनी ती नीट घालायला उचलली, तर तो फिल्टरबरोबर आलेला कागद निघाला. त्यावर पेट्रोलच्या डब्याचं चित्र होतं आणि चित्रावर लाल फुली.

औषधाच्या बाटलीवरचं बारीकात बारीक अक्षर वाचणारा माणूस, पण फिल्टरचा कागद मात्र न वाचता टेबलाखाली घातला होता. फिल्टर कसा धुवायचा हे तीस वर्षांच्या मिस्त्रीला कागदाने काय शिकवायचं? तीस वर्षं ते पेट्रोलमध्येच धूत आले होते. पण जुने फिल्टर एकसंध असायचे. या नव्याचे थर आणि कडा गोंदाने चिकटवलेल्या होत्या, आणि पेट्रोलने गोंद सुटतो.

काका उठले. खिळ्यावरचा फिल्टर घेतला आणि कडेला नुसता चिमटा काढला. पिकल्या शेंगेसारखी गोंदाची शिवण उकलली.

त्यांनी लगेच मुलीला फोन लावला, तर तो दुकानामागच्या राहत्या खोलीतच वाजला. चार्जिंगला लावून विसरली होती.

"दहाला सुटणार म्हणाली होती," दारात आलेल्या काकू म्हणाल्या. सगळं ऐकून त्यांनी पदर खोचला. "निघा. मी मागे बसते."

पिशवीतला तिसरा फिल्टर, तेलाची बाटली, ग्रीस, चिंध्या. वाट पस्तीस किलोमीटरची. चाळीसने पोहोचणं शक्य नव्हतं. काटा पन्नासला गेला, साठला गेला. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्याने की कशाने कोण जाणे. पुलावर काटा सत्तरला टेकला, तेव्हा तीस वर्षांत पहिल्यांदाच मागून आवाज आला, "अहो, जपून!"

पोहोचले तेव्हा गाड्या रांगेत लागल्या होत्या. इंजिनांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. काका दोरीखालून आत घुसले.

"बाबा! आत्ता नाही हं!" हेल्मेटमधून मुलगी ओरडली.

"इंजिन बंद कर."

"सगळे बघतायत!"

"बघू देत. बंद कर म्हणतो ना!"

झेंडेवाला धावत आला. "काका, व्हा बाजूला, दोन मिनिटांत सोडतोय."

"सोडा. ही मागून येईल."

मुलगी काही बोलणार होती, पण बापाच्या हातातला नवा फिल्टर बघितला आणि तिने इंजिन बंद केलं. सीटचा नट तिनेच फिरवला. फिल्टर बाहेर आला. तिने शिवणीवर अंगठा ठेवला आणि अंगठा आरपार गेला. काकांनी नळीत चिंधी फिरवली. ती तपकिरी निघाली. सकाळी तिने सरावाची एकच फेरी मारली होती.

"कुणी धुतला?" तिने हळूच विचारलं.

"मी. पेट्रोलमध्ये."

झेंडा खाली आला. बाकीच्या गाड्या सुटल्या आणि मातीचा डोंगर उठला. त्या धुळीतून वाचवायला काकूंनी पदर गाडीवर धरला. काकांनी नळी पुसली, कार्बोरेटरचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. चिंधी पांढरी येईपर्यंत पाच चिंध्या गेल्या. नवा फिल्टर तेल चोळून, ग्रीस लावून बसवला. मग मूठ पूर्ण फिरवून सोडली. टक्. परत जागेवर. पुन्हा. टक्. तिसऱ्यांदाही.

"आता?" मुलीने विचारलं.

'जाऊ नकोस' हे शब्द काकांच्या ओठांवर आले होते. "पुसलंय मी," ते म्हणाले, "पण एखादा कण आत गेलाच नाही, असं शपथेवर नाही सांगू शकत."

ती क्षणभर वाटेकडे बघत राहिली. "टेकडीमागे आधी सपाटी आहे, मग कडा. सपाटीवर मूठ सोडून बघते. अडकली तर तिथेच बंद करते, पुढे जात नाही. तुम्ही ऐकत राहा. आवाज खाली आला, की समजा ठीक आहे."

आणि गेली. सगळ्यांच्या मागे, सगळ्यांच्या धुळीत.

काका दोरी धरून उभे राहिले. गाडी टेकडीमागे दिसेनाशी झाली, उरला फक्त आवाज. तो चढत गेला. आणखी चढला. आता सपाटी आली असेल. आवाज चढलेलाच. काकांनी दोरी सोडून काकूंची बोटं घट्ट धरली.

मग आवाज खाली आला. स्वच्छ, एका दमात, मूठ सोडल्यासारखा.

"उतरला," काकू म्हणाल्या. "अहो, उतरला. आता माझी बोटं सोडा."

काकांनी सोडली नाहीत. आवाज पुन्हा चढू लागला होता, आणि झेंडेवाल्याच्या हातातल्या नकाशावर अजून तेरा वळणं होती.