तिघांचा खर्च

"आधी तेचो वाटो, मगे माझो," असं म्हणत तो चहाचा पहिला घोट ग्रामपंचायतीच्या पायरीवर ओतायचा. भजी आली की पहिलं भजं गडग्यावर, आवाराच्या दगडी कुंपणावर, ठेवायचा. पेढा आला तर त्यातला तुकडा. हा वाटा कुणाचा, हे मसुऱ्याच्या आसपास कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अंगावर घोंगडी घेऊन, काठी टेकत गावाच्या शिवेवर कुणाला न दिसता फिरणाऱ्या म्हाताऱ्या राखणदाराला आम्ही सगळेच मानतो. पण आम्ही वर्षातून एकदा नारळ-कोंबडा देऊन मोकळे होतो. हा गृहस्थ रोज त्याच्याबरोबर जेवायचा.

आमच्या पंचायतीत मी कारकून आणि तो नळपाण्याचं बघायचा. सकाळी सायकल घेऊन गावावरच्या कातळाच्या माळावर, सड्यावरच्या टाकीकडे जायचं आणि गावाला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. आईबाप लहानपणीच गेलेले, भावंड नाही. पेढ्याची नासाडी करतोस म्हणून मी एकदा त्याला रागावले, तर हसून म्हणाला, "माका एकट्याक जेवूक जमणा नाय, वैनी." तेव्हा मीही हसले. रात्री घरी भरल्या पंगतीत बसले, तेव्हा मात्र त्याचं ते बोलणं आठवलं.

आमच्याकडच्या मुलांची लग्नं कशी अडलीत ते तुम्ही बघताच आहात. मुंबईची नोकरी नाही म्हटलं की मुलीकडचे पुढचं ऐकतच नाहीत. त्यात हा चाळिशी ओलांडलेला. तरी त्याने मोबाइलवर नाव नोंदवलं आणि वैभववाडीची एक नर्स त्याला भेटायला तयार झाली. भेट ठरली ती नांदगावला, हायवेवरच्या एका खाणावळीत.

त्या आठवड्यात कार्यालयात दुसरा विषय नव्हता. पहिल्या भेटीत पुरुषाने खर्च करावा तरी किती? ग्रामसेवक घाटावरचे, हात जरा आखडता. "पाचशेच्या आत बसव. पहिल्याच दिवशी उधळलास तर तिला वाटेल, याच्याकडे रोजच दिवाळी." शिपाई म्हणाला, "आइस्क्रीम दी आणि परत ये." मी सुरमईच्या थाळीच्या बाजूने होते. माणूस जोडायला निघालाय, तिथे कसली चिंगूसगिरी? तो मान खाली घालून सगळ्यांचं ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "बरा, पण तिघांचो किती येतलो?"

"तिसरो कोण रे?" शिपायाने विचारलं.

"तो खंय जातलो? माझ्या वांगडाच असता."

आम्ही हसून हसून बेजार झालो.

जवळपास ओळखीची एखादी बाई असावी, असं त्या नर्सने आधीच कळवलं होतं. म्हणून मी गेले आणि शेजारच्या टेबलावर बसले. ती पस्तिशीची, शांत चेहऱ्याची. याने तीन थाळ्या मागवल्या आणि तिसरी रिकाम्या खुर्चीपुढे मांडायला लावली. मी कपाळाला हात लावला. ती थाळी कुणाची, ते त्याने तिला न लाजता सांगितलं. ती उठून गेली नाही. उलट पोटभर जेवली, पेशंटांच्या गमती सांगितल्या. तो असा काही खुलला, की इतक्या वर्षांत मला तो पहिल्यांदाच देखणा वाटला.

वेटर बिल घेऊन आला आणि इकडेतिकडे बघू लागला. "आजोबा खंय गेले? तेंका अजून सोलकढी व्हयी होती."

तिसऱ्या ताटातली सुरमई काट्यापर्यंत साफ झाली होती. मी हाताच्या अंतरावर बसले होते, आणि त्या ताटात कुणाचाही हात गेलेला मी पाहिला नव्हता.

तिने आपल्या थाळीचे पैसे काढून ठेवले. "आणि या ताटाचे?"

"मीच देतलंय. जल्मभर मीच देतलंय."

"पहिल्या भेटीत माणूस किती खर्च करतो ते मी बघत नाही," ती सावकाश म्हणाली. "कुणावर करतो ते बघते. तुम्ही मला आवडलात. पण माझ्या घरात दोघंच जेवतील. हे बंद करणार असाल तर कळवा."

पुढचे काही दिवस तो पायरीवर घोट ओतायचा आणि उरलेल्या चहाकडे बघत बसायचा. मग एका सकाळी त्याने चहाचा पहिला घोट स्वतःच घेतला. कान लाल झाले होते. "सोडलंय, वैनी. तिका सांगलंय पण." आम्ही पेढे मागवले. त्याने अख्खा पेढा खाल्ला, आणि साखरपुड्याचा दिवसही ठरला.

त्यानंतर तो टाकीकडून परत आला की घामाने भिजलेला असायचा. "वाटेन मागसून कोणतरी खोकता. बघलंय तर कोण नाय."

"माकड आसतला," शिपाई म्हणाला.

"माकडाच्या हातात काठी खंयसून येतली?"

या वेळी कुणी हसलं नाही. एक नारळ तरी ठेव, असं मी त्याला परोपरीने विनवलं. "तिका शब्द दिलंय, वैनी," एवढंच तो म्हणाला. त्याला ती किती हवी होती, हे मला तेव्हा कळलं.

साखरपुड्याच्या आठवड्यात एका सकाळी गावाला पाणी आलं नाही. माणसं वर गेली. टाकीपाशी सायकल उभी होती, तो नव्हता. सडा, रान, विहिरी, सगळं धुंडाळलं. पोलीस येऊन गेले. त्याचा फोन घरी उशाशी सापडला. तपासून झाल्यावर तो फोन पंचायतीकडे आला, कारण घेणारं कुणी नव्हतं. आता तो माझ्या कपाटात असतो. बॅटरी फुगून त्याची काच तडकली आहे आणि आतलं सिमकार्डही पोलिसांनी काढून घेतलं आहे.

दिवाळीच्या सुमारास ती आली. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ताई, मी त्यांना रोज फोन करते. उचलतात, पण बोलत नाहीत. परवा आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा होता. म्हणाला, 'तो जेवूक बसलो आसा. मगे कर गो.'"

मी कपाट उघडलं आणि तो फुटका फोन तिच्यापुढे ठेवला. तिने त्याला हात लावला नाही.

"मी दोन माणसांचं घर मागितलं होतं, ताई. ते जास्त झालं का हो?"

मला रडू आलं.

तिने आपला फोन काढून त्याचा नंबर लावला. टेबलावरचा फोन काळाठिक्कर पडून होता. पण पलीकडे कुणीतरी फोन उचलला. भांड्यांचा आवाज मला इथवर ऐकू आला. ती उठून उभी राहिली, घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे सावरतात तशी ओढणी सावरली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजोबा, त्यांचं जेवण झालं का?"