मागचं पान

माझ्या नाकावर राग असतो, हे माहेरी नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाला ते कळलं २००८ साली.

त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या नवऱ्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार निघाला. पाय अचानक लाकडासारखा ताठ व्हायचा आणि कळ अशी यायची की हा शांत माणूस उशी दातात धरायचा. औषधं झाली, व्यायाम झाले. डॉक्टरीणबाई एकदा स्पष्टच म्हणाल्या, काही पेशंटना गांजाने आराम पडतो, काही राज्यांत परवानगीही आहे, पण मिशिगनमध्ये नाही. चोरून आणणारे आणतातच. पण माझा नवरा म्हणजे रिकाम्या रस्त्यावरही स्टॉपच्या पाटीपाशी पूर्ण थांबणारा. कायदा झाला तर घेईन, नाहीतर नाही, एवढंच म्हणाला. घ्या! कळ त्याला, आणि हात चोळत बसायचं मी.

नोव्हेंबरात नेमका हाच प्रश्न मिशिगनमध्ये मतदानाला आला. डॉक्टरचं म्हणणं असेल तर आजारी माणसाला गांजा वापरू द्यायचा का, हे लोकांनीच ठरवायचं होतं. नवरा सिटिझन, त्याचं एक मत. माझं ग्रीन कार्ड, म्हणजे शून्य. मग मी तोंडाचा पट्टा सोडला. मंडळात भेटेल त्याला पकडायचे. तासभर तावातावाने वाद घालणारे निम्मे एच-वन व्हिसावर आलेले निघायचे, त्यांना मत कुठलं! अरे यार, आधी नाही का सांगायचं, म्हणून मी उठून जायचे.

मत असलेल्या जुन्या मंडळींची दोरी एका काकूंच्या हातात होती. अमेरिकेत येऊन त्यांना तीस वर्षं होऊन गेलेली. मुलींची लग्नं जमवण्यापासून मत कुणाला द्यायचं इथपर्यंत बायका त्यांनाच विचारायच्या. नवरात्रातला भोंडला त्यांच्याच बेसमेंटमध्ये होता. फेर झाला, खिरापत ओळखून झाली, आणि बशी हातात असतानाच मी विषय काढला. काकूंनी मला सगळ्यांसमोर गप्प केलं. गांजा गोसाव्यांनी ओढावा, आपली पोरं इथे हायस्कूलला आहेत, आणि सणावाराला हे काय बोलणं? मला इतका राग आला की बशी तशीच ठेवून मी वर आले.

नवरा मला न्यायला आला होता. दारात काढलेले बूट पुन्हा घालायला तो पायरीवर बसला, आणि तिथेच त्याचा पाय ताठला. मी खाली बसून टाच बुटात सरकवत होते, पण सरकेना. खाली बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून तो ओठ घट्ट मिटून होता, कपाळावर घाम. वर बघते तो काकू ओटीचं ताट घेऊन उभ्या. कधीपासून उभ्या होत्या, कोण जाणे.

मी आजवर कुणापुढे वाकलेली बाई नाही. पण उठले, पदर पसरला आणि म्हटलं, "काकू, नारळ नको. तुमचं मत घाला."

काकूंनी मला कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ घातला आणि आत गेल्या.

पुढे महिनाभर त्यांचा फोन नाही. मतदानाच्या सकाळी आला. गाडी गॅरेजला दिली आहे, मला शाळेत मतदानाला सोड, म्हणाल्या. मी चडफडत गेले. रांग दाराबाहेर आलेली. मी पार्किंगमध्ये बसून राहिले. काकू आल्या, सीटचा पट्टा लावला. काय केलंत, हे विचारायची माझ्यासारखीचीसुद्धा हिंमत झाली नाही. मी गाडी काढली. तेव्हा त्यांनी पर्समधून मोबाइल काढला.

"मत दिलंस का गं? नुसतं प्रेसिडेंटचं करून पळून येऊ नकोस. पान उलट. आपलं ते मागच्या पानावर आहे."

मग दुसरा फोन, तेच. मग तिसरा. मी जन्मात तिथली मतपत्रिका पाहिली नव्हती. इतके दिवस घसा फोडला, पण मागचं पान असतं हेच मला माहीत नव्हतं. आणि त्या म्हणाल्या होत्या, आपलं! माझे डोळे भरून आले, सिग्नल हिरवा झालेला दिसेना, मागची गाडी हॉर्न द्यायला लागली. काकूंनी फोनवर हात ठेवला.

"रस्ता बघ. रडायचं ते निकालानंतर."

दुसऱ्या दिवशी उठलो तर कायदा मंजूर झाला होता. क्लिनिक उघडायच्या आधीच नवऱ्याने फोन लावला आणि मशीनवर निरोप ठेवला: कायदा नक्की कुठल्या तारखेपासून लागू होतो ते कळवा, तोपर्यंत मी थांबतो. आता बोला! काकूंनी मला रडायची परवानगी दिली होती, पण मी ओट्याला टेकून पोट दुखेपर्यंत हसत सुटले.