पडताना हात आवळून घे

खांब धुणं चाललं होतं. पाटलाच्या ओसरीचा खांब. आधी शेणानं घासला, मग गोमूत्र शिंपडलं, मग घागरभर पाणी ओतलं. त्या पाण्याचा ओघळ माझ्यापर्यंत आला. मी खाली गल्लीत पडलेली. डोक्यावरचा कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा विखुरलेला, गुडघा फुटलेला. माझ्याकडं कुणी पाहत नव्हतं. सगळे खांबाकडं पाहत होते.

"काहून धरला व खांब? दारू पेली का?" पाटील वरून ओरडला.

"नाही जी. पाय गेले."

"पाय गेले तं मातीत पडा लागत होतं."

माझी माय धावत आली. तिनं आधी पाटलापुढं जमिनीला डोकं टेकलं. "चुकलं जी मालक. पोरगी बिमार हाये." मग मला उचललं. आधी पाटील, मग मी. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पाटलानं तिथंच सांगून टाकलं. "आजपासून ह्या गल्लीतून हे उभी जायची नाही. बसून सरकत जाईन. बसलेलं मानूस पडत नाही."

आमचं गाव अनसिंगच्या बाजूला. आम्ही महार. महारवाड्यातून शेताकडं जायला वाट ती एकच, पाटलाच्या दारावरून.

वर्षभर आधी माझ्या एका डोळ्यापुढं धुकं आलं होतं. आलं तसं गेलं. मग तळव्यांना मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. सकाळी गारव्यात मी चालायची. ऊन चढलं की पाय परक्याचे व्हायचे. तोंड धुताना डोळे मिटले तरी तोल जायचा. लोक म्हणायचे, सकाळी धडधाकट अन् दुपारी लुळी, नाटक करून राह्यली. नवरा म्हणाला, अंगात आलंय. त्यानं मला माहेरी आणून सोडलं आणि बैल हाकत निघून गेला. मागं वळूनही पाहिलं नाही.

खांबाच्या त्या प्रकारानंतर मायनं कुणाची तरी बैलगाडी मागून मला वाशीमला डॉक्टरकडं नेलं. त्यानं तळव्यावर काडी ओढली. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मी कोसळले. त्यानं रोगाचं लांबलचक इंग्रजी नाव घेतलं. मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही, म्हणाला. औषध नाही. पुन्हा पुन्हा येईल, जाईल, आणि हळूहळू वाढेल. रोज उभं राहायचा सराव कर, तोल सांभाळायला शीक, आणि चालताना काहीतरी धरत जा. भिंत, खांब, कुणाचा हात.

परतताना गाडीत माय हसायला लागली. हसता हसता रडली. "खांब धर म्हनते. कोनाचा धरशीन माय?"

मी सरकत गेले. तो सगळा उन्हाळा सरकत गेले. गल्लीच्या तोंडाशी बसायचं, तळहात मातीत रोवायचे, अंग पुढं ओढायचं. लुगडं मागून फाटलं. माती तापलेली असायची. पोरं मागून सरकत यायची, माझी नक्कल करत. ओसरीवर हसू फुटायचं. मला मरावंसं वाटायचं. विहिरीत जीव द्यावा म्हटलं, तर तिथवरही सरकतच जावं लागलं असतं.

काठी घेऊन पाहिली. हात थरथरायचा, काठीच पायात यायची.

मग आम्ही सराव धरला. झोपडीच्या कोपऱ्यात. दोन बाजूंनी दोन भिंती, कुडाच्या, पण आमच्या. उजाडायच्या आधी माय मला तिथं उभी करायची आणि स्वतः समोर हात पसरून उभी राहायची. पाय जुळवून उभं राहा. मग एका पायापुढं दुसरा, टाचेला अंगठा लावून. मग मान इकडं वळव, तिकडं वळव. मग डोळे मीट. डोळे मिटले की जमीन निघून जायची.

"पड, पन माह्याकडं पड," माय म्हणायची.

तिच्या अंगावर मी किती पडले असेन. तिची छाती काळीनिळी झाली होती. चुलीतल्या राखेची रेघ ओढून ती मला त्या रेघेवरून चालवायची. चार दिवस जमायचं. पाचव्या दिवशी पाय विसरून जायचे. मी राख लाथाडायची, शिव्या द्यायची. ती पुन्हा रेघ ओढायची.

आणि एक गोष्ट ती रोज शिकवायची. "पडतानी हात आवळून घे. छातीशी. कोठं लागले नाही पायजे."

माणूस पडताना हात आपोआप पुढं करतं. तान्हं लेकरूही करतं. माझी माय माझी ती सवय मोडत होती. प्रेमानं मोडत होती. मीही शिकले. तोंडावर पडायची, हनुवटी फुटायची, पण हात छातीशी. माय म्हणायची, "शाबास."

कापूस वेचायचे दिवस आले. हवा गार झाली. मी ठरवलं, आज उभी जाईन. चालता आलं तर वेचणीला जाता येईल, नाहीतर जन्मभर बसून सरकणं आहेच.

गल्लीच्या तोंडाशी बसायची जागा आली. मी बसले नाही.

पाटील ओसरीवर सुपारी कातरत होता. "बस खाली."

"नाही बसत."

मी चालले. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. माय मागून येत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. ओसरी अर्धी ओलांडली आणि डावा पाय गेला. होताच की नाही असा गेला. हात आपोआप छातीशी आले. शिकवल्याप्रमाणं.

त्या एका क्षणात मला सगळं कळलं. अंग रागानं पेटलं. कोपऱ्यातलं उभं राहणं माझं होतं. हे हात आवळणं त्यांचं होतं. आम्ही आमच्या घरात, आमच्या हातानं, पाटलाचा खांब राखत होतो.

मी हात उघडले. खांब धरला. दोन्ही हातांनी. तेलपाण्यानं गुळगुळीत झालेलं सागवान, थंडगार. मी उभी राहिले.

"सोड!"

"पाय आल्याबिगर नाही सोडत."

त्यानं काठी घातली, बोटांवर. दोन बोटं मोडली. ती अजून वाकडी आहेत. पायात जीव आल्यावरच मी खांब सोडला. मागं माय जमिनीला डोकं टेकायला वाकत होती. "माय, उठ," मी म्हटलं. ती अर्ध्यातच थांबली.

त्या गावात आम्हाला पुन्हा काम मिळालं नाही. आम्ही कारंज्याला सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कापूस निवडायला गेलो. रोग थांबलेला नाही. उजवा पायही आता ओढावा लागतो. एक दिवस दोन्ही जातील, हे मला ठाऊक आहे. तरी रोज पहाटे कोपऱ्यात उभी राहते. माय समोर हात पसरून असते. आता ती हात आवळायला सांगत नाही.

पडणं माझ्या हातात नाही. मी पडेन. उद्याही पडेन. पण पडताना जे हाताला लागेल ते धरीन, कुणाचं आहे ते विचारणार नाही. धुवायचं असेल त्यांनी धुवावं.